दुसऱ्याच्या मांडीवरची पिशवी

थांब्यावर त्याला सगळे प्लास्टर म्हणायचे. केसांत, भुवयांत, बाह्यांच्या घड्यांत पांढरी भुकटी घेऊन तो रोज संध्याकाळी रांगेत येऊन उभा राही, त्यामुळे हा गवंडीकाम करणारा माणूस असणार अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. त्यानंही ती कधी दुरुस्त केली नाही. कशाला करायची? बसच्या रांगेत आपलं खरं काम सांगितलं की उतरेपर्यंत त्यावर सल्ले ऐकावे लागतात. प्रत्यक्षात तो एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात हा प्लास्टर ओतायचा, साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी हिरड्या घडवून, घासून, चकचकीत करून सगळं डबीत भरायचा. शहरातले कितीतरी म्हातारे त्याच्या हातच्या दातांनी हसत होते. त्यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता.

आणि त्याच्या स्वतःच्या आईच्या तोंडात दोन वर्षं दात नव्हते.

हे ऐकून कुणीही म्हणेल, काय माणूस आहे! त्यालाही तसंच वाटायचं. पण त्याची एक अडचण होती आणि त्या अडचणीचं नाव बस. आईचा ठसा घ्यायला तिला लॅबशेजारच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. त्या दवाखान्याचा रस्ता म्हणजे तो रोज जाताना आणि येताना दांडीला लोंबकळत पार करायचा तोच रस्ता. आईचे गुडघे काही त्या गर्दीत टिकणारे नव्हते. म्हणून तो म्हणायचा, "गर्दी कमी असेल त्या दिवशी नेतो तुला." गर्दी कमी असलेला दिवस काही उजाडला नाही. टॅक्सी करायचं त्याच्या डोक्यात आलं नाही असंही नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्याच रस्त्याला परत लागायचं नुसतं मनात आलं तरी त्याचे खांदे दुखायला लागायचे, आणि तो उशी डोक्यावर घेऊन पडून राहायचा. आईनं कधी तगादा लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

आई म्हणजे एके काळी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्थानकाचा आवाज होती. गाडी कुठली, फलाट कुठला, किती वेळात सुटणार, हे सगळं तिनं नोकरी संपेपर्यंत स्थानकाच्या आतल्या बाजूच्या काचेच्या खोलीत बसून सांगितलं. स्थानकावर आलेल्या कुणी तिला पाहिलेलं नसे, पण दुकानात जाऊन तिनं साखर मागितली तरी शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायचं. एखादी गाडी रखडली की ती म्हणायची, "काही अपरिहार्य कारणामुळे गाडी उशिरा सुटत आहे." प्लास्टरनं लहानपणी तिला विचारलं होतं, अपरिहार्य म्हणजे काय गं? ती म्हणाली होती, "म्हणजे कुणीतरी वेळेवर आलं नाही. पण नाव घ्यायचं नसतं."

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे प्लास्टरचा मामा, तेव्हा त्याच स्थानकासमोर कामाला होता. जाता येता तो काचेवर टकटक करून विचारायचा, "ताई, गाडी किती उशिरा?" पुढे तो दुसऱ्या गावी गेला, म्हातारा झाला, हळूहळू त्याची नजर गेली. पण फोन केला की त्याचं पहिलं वाक्य तेच. मग आईचे दात गेले. दातांबरोबर सगळे दंत्य उच्चार गेले, 'स' म्हटलं की नुसतीच हवा. एकदा मामाचा फोन आला, आई काहीतरी बोलली, आणि पलीकडून मामा म्हणाला, "कोण बोलतंय? जरा ताईला द्या ना."

आईनं फोन सुनेच्या हातात दिला. त्यानंतर ती फोनवर कधी बोललीच नाही. घरातही हात तोंडाशी धरून जेवढ्यास तेवढं. मामाचा फोन आला की प्लास्टरची बायको बोलायची आणि आई शेजारी बसून मान हलवायची. ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी ती मान हलवायची, हे बघून प्लास्टरला घरात बसवत नसे.

आणि अशात बातमी आली की मामाला त्याचा मुलगा कायमचा आपल्याकडे घेऊन चाललाय, समुद्रापलीकडे. परत येणं आता होणार नाही. निघायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आईनं भावाला भेटायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे घरातल्यांनी ठरवलं. आईनं एवढंच सांगितलं, "दात आले तर जाईन. नाहीतर त्याला कळवा, ताईला बरं नाही. त्याच्यासमोर बसून मी कोण आहे हे दुसऱ्यानं सांगायचं, हे मला नको."

तेव्हा मात्र प्लास्टरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टॅक्सी आली, ठसा घेतला, मेणाचे दात बसवून पाहिले. दोन वर्षं न झालेलं काम पंधरवड्यात झालं. पण लॅबच्या मालकाची घाईची कामं मध्ये मध्ये घुसत राहिली, आणि शेवटचं घासकाम व्हायला आई निघायची त्याच्या अगदी आदल्या दिवसाची संध्याकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, "घेऊन जा, घरीच बसवून बघ. टोचलं तर तू आहेसच." त्यानं डबीत ओला कापूस ठेवला, त्यावर वरची आणि खालची कवळी ठेवली, डबी कापडी पिशवीत घातली, वर जेवणाचा रिकामा डबा, आणि तो थांब्यावर आला. रांगेत उभं राहूनही त्याचे पाय जागच्या जागी हलत होते.

आता ही बस कशी होती ते सांगायला हवं. बस थांब्यावर थांबते, हा गैरसमज फक्त पाहुण्यांचा असतो. ही बस कधी अलीकडे थांबायची, कधी पलीकडे. कुठे थांबेल याचा अंदाज बांधून रांग डुलायची, आणि ड्रायव्हर तो अंदाज बघून बरोबर उलटं करायचा. मग इतका वेळ शिस्तीत उभी राहिलेली सज्जन मंडळी एकमेकांच्या पायांवर पाय देत धावायची, आणि कंडक्टर वरून ओरडायचा, "एकेक करून! एकेक करून! माणसं आहात ना?" हा प्रश्न रोज विचारला जायचा आणि त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. आत गेल्यावर दुसरी ओरड, "पुढे सरका, पुढे मैदान आहे." पुढे मैदान कधीच नसायचं. पुढे एका जाड्या गृहस्थाची पाठ असायची.

पण ह्या बसमध्ये दोन कायदे होते आणि ते कुणी मोडत नसे. एक म्हणजे बसलेल्यानं उभ्याची पिशवी मांडीवर घ्यायची. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, पिशवी मांडीवर ठेवायची आणि विसरून जायचं. उतरायच्या वेळी मालकानं नुसतं "पिशवी!" असं ओरडलं की ती हातोहात डोक्यांवरून दारापर्यंत यायची. दुसरा कायदा दारातल्यांसाठी. मोठ्या चौकात दारात उभे असलेल्यांनी खाली उतरायचं, उतरणाऱ्यांना वाट द्यायची आणि परत चढायचं. ते चढेपर्यंत कंडक्टर बेल द्यायचा नाही.

ह्या बसमध्ये प्लास्टरचं एका बाईंशी वैर होतं. त्यांना तो मनातल्या मनात खिडकीबाई म्हणायचा. बस जिथून सुटते तिथेच त्या चढत असणार, कारण बस यायची तेव्हा त्या डाव्या बाजूच्या चौथ्या बाकावर खिडकीशी बसलेल्या असायच्याच. आणि काच बंद. बाहेर उकडून जीव जातोय, आत माणसावर माणूस, आणि ह्यांची काच बंद! दिवसभर प्लास्टरची धूळ आणि रसायनांचा उग्र वास छातीत भरून घेतलेला हा माणूस त्या बाकाशी पोचला की पहिलं वाक्य बोलायचा, "बाई, खिडकी." त्या मान न वळवता म्हणायच्या, "नाही उघडत." मग तो हात लांब करून काच ढकलायचा, त्या ओढून लावायच्या. गेली कित्येक वर्षं ह्या दोघांत ह्याखेरीज एक शब्द झालेला नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी त्या उतरल्या की तो त्यांच्या जागेवर बसायचा, दाणकन काच उघडायचा आणि उरलेला रस्ता तोंडावर वारा घेत जायचा.

त्या संध्याकाळी गर्दीनं त्याला रेटत रेटत नेमकं त्या चौथ्या बाकाशी आणून सोडलं. पिशवी छातीशी धरून तो कसाबसा उभा होता. मागचा माणूस कोपर रुतवत होता आणि पिशवीतली डबी त्याच्या बरगडीला टोचत होती. असाच आणखी एक रेटा आला तर कवळीला तडा जाईल ह्या विचारानं त्याला घाम फुटला. आसपास बसलेल्या सगळ्यांच्या मांड्या आधीच भरलेल्या होत्या. रिकामी मांडी एकच, खिडकीबाईंची. त्यांच्याकडे पिशवी द्यायची कुणाची हिंमत होत नसावी. त्यानं एक क्षण विचार केला आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काही न बोलता तिच्यावर हात ठेवला. कायदा म्हणजे कायदा. त्यानं त्या दिवशी खिडकीचं नावही काढलं नाही.

पुढच्या थांब्यांवर माणसं चढतच राहिली आणि चढणाऱ्यांना पुढे जाऊ देता देता तो मागे मागे सरकत थेट दारात येऊन पोचला. मोठा चौक आला. सवयीप्रमाणे तो खाली उतरला, उतरणाऱ्यांना वाट देत बाजूला उभा राहिला. एका आजोबांची काठी पायरीत अडकली होती, ती त्यानं सोडवून दिली. आणि मागे वळतो तर बस चालू लागलेली. त्या दिवशी कंडक्टर नवा होता. त्याला ह्या बसचा कायदा कुणी सांगितलाच नव्हता. शेवटचा माणूस उतरला की बेल द्यायची, एवढंच बिचाऱ्याला शिकवलेलं.

"अहो! थांबवा! पिशवी!" प्लास्टर ओरडत धावला. पिशवी म्हणून हाक मारली की पिशवी येते, ह्या सवयीनं त्यानं हातही पुढे केले. बसनं त्याच्या तोंडावर धूर सोडला आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पिशवीत नाव नाही, पत्ता नाही. असेल तर फक्त आईचा जबडा.

दुसरी बस आली, न थांबता गेली. तिसरी थांबली पण दारापर्यंत हात पोचेना. हा इतका वेळ चौकात येरझाऱ्या घालत होता की वाहतूक पोलिसानं दोनदा त्याच्याकडे बघितलं. इतक्यात बायकोचा फोन आला. "अहो, आई बॅग भरून बसल्यात. कुठवर आलात?" तो म्हणाला, "येतोच." हा शब्द त्याच्या तोंडी इतका बसला होता की खोटं बोलतोय असंही त्याला वाटलं नाही. मग चौथ्या बसच्या पायरीवर त्यानं एक पाय टेकवला, दुसरा हवेत ठेवला आणि तसाच लोंबकळत तो पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. खिडकीबाई तिथे उतरतात, एवढं तर त्याला माहीत होतं.

उतरल्यावर कळलं की तेवढंच माहीत आहे. टाकीपाशी एक चपला शिवणारा बसतो. प्लास्टरनं त्याला गाठलं.

"इथे रोज एक बाई उतरतात बघा..."

"खूप उतरतात. कशा आहेत दिसायला?"

 काय सांगणार? त्यानं त्यांचा अंबाडा पाहिला होता, त्यातली करडी पिन पाहिली होती, काच ओढणारा हात पाहिला होता. चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर कायम रुमाल.

"उंच की बुटक्या?" चांभारानं विचारलं.

"मी त्यांना बसलेलंच पाहिलंय. उठल्या की माझं लक्ष जागेकडे."

"मग बसलेल्या किती उंच?"

हा प्रश्न ऐकून प्लास्टरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण रागवायचं कुणावर? "रुमाल धरतात गालाला," तो कसाबसा म्हणाला.

"हां, रुमालवाल्या बाई! मग असं सांगा ना. रोज जाताना मला किती वाजले विचारतात. आज आल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे उतरल्याच नाहीत. मी इथेच आहे, डोळे उघडे ठेवून बसलोय."

 उतरल्या नाहीत म्हणजे गेल्या कुठे? पिशवी बाकावर टाकून मधेच उतरल्या असतील. का उतरू नयेत? कित्येक वर्षं ज्यानं डोक्यावरून हात घालून काच ढकलली, त्याच्या पिशवीची काळजी त्यांनी का म्हणून करावी? बस आता आगारात पोचली असेल, झाडूवाल्यानं पिशवी कुठेतरी भिरकावली असेल. त्या विचारासरशी तो पुढच्या बसमध्ये अक्षरशः खांदा लावून घुसला. एका माणसाच्या पायावर पाय पडला, एका मुलीची वेणी त्याच्या बटणात अडकली, शिव्या खाल्ल्या, सगळं झालं. त्याचं स्वतःचं ठिकाण, जुना नाका, मधे आलं आणि गेलं. तेव्हा तो एका उंच माणसाच्या काखेखाली अडकलेला होता, बाहेरचं त्याला काहीच दिसलं नाही. दिसलं असतं तर ही गोष्ट बरीच लवकर संपली असती.

आगारात हरवलेल्या वस्तूंची खिडकी होती. खिडकीमागचा कारकून खुर्ची उलटी करून निघायच्या तयारीत होता.

"हरवलेलं उद्या सकाळी."

"उद्या सकाळी उशीर होईल हो. पिशवी आहे, कापडी. आत कवळी आहे."

"कुणाची?"

"आईची."

कारकुनानं त्याच्याकडे नीट बघितलं. त्यालाही आई असावी, कारण तो आत गेला आणि बराच वेळ खुडबुड करून बाहेर आला. "दोन छत्र्या, एक हेल्मेट आणि एक उशी आहे. कवळी नाही."

प्लास्टर आगारातून बाहेर पडला आणि बसची वाट न बघता चालायला लागला. बसमध्ये आता त्याच्यानं चढवलंच नसतं. अंधारून आलं होतं. बायकोचे फोन वाजत होते, तो घेत नव्हता. मनात एकच हिशेब फिरत होता. साचा लॅबमध्ये आहे. आता परत गेलं, मालकाकडून किल्ली मागितली, रात्रभर बसलं, तरी पहिल्या गाडीआधी कवळी होत नाही. काही केलं तरी होत नाही. दोन वर्षांतली कुठलीही एक सुट्टी, कुठलीही, उशी फेकून उठला असता तर! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रस्त्यावर माणसं होती म्हणून मारली नाही, एवढंच.

जुन्या नाक्याच्या थांब्याशी तो आला तेव्हा बाकड्याशेजारी कुणीतरी बाई उभी होती. बरीच उंच. एका हातात रुमाल, तो गालाशी. दुसऱ्या हाताच्या कोपरात त्याची पिशवी.

"आलात?" खिडकीबाई म्हणाल्या. "शेवटी आलात एकदाचे! पाय मोडले माझे इथे उभं राहून!"

 "तुम्ही... इथे?"

"मग कुठे? तुम्ही इथे उतरता ना! एकदा झोप लागून मी पुढे निघून आले होते, तेव्हा तुम्हाला इथे उतरताना बघितलं होतं. पिशवी मांडीवर आहे, मालक बसमध्ये नाही, म्हटलं मागच्या बसनं येईल. कुठे येणार, घरीच येणार ना? प्रत्येक बसमधून उतरणाऱ्याचं तोंड बघतेय मी तेव्हापासून."

"मी तुमच्या थांब्यावर गेलो होतो. टाकीपाशी."

"माझ्या? कशाला?"

"तुम्हाला शोधायला."

 मग बाईंना हसू आलं आणि हसता हसता त्यांनी कळवळून रुमाल घट्ट दाबला. "आणि हे काय घेऊन हिंडता हो? आत पत्ता असेल म्हणून डबी उघडली मी बसमध्ये. दात! शेजारचा माणूस उठून उभाच राहिला. म्हणाला, मला इथेच उतरायचंय. आख्ख्या बाकावर मी एकटी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून बसले. आम्ही सगळे तुम्हाला गवंडी समजत होतो."

प्लास्टरनं डबी उघडली, दिव्याखाली धरून दोन्ही कवळ्या उलटसुलट बघितल्या. कुठे तडा नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर त्या रुमालाकडे गेली. "दुखतंय का तिथे?"

"नस आहे. गालाची. वारा लागला की वीज गेल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून तर काच बंद ठेवते."

"सांगायचंत ना कधी!"

"तुम्ही विचारलंत कधी? 'बाई, खिडकी' एवढंच तर बोलता तुम्ही. आणि काच उघडता."

दिवसभर माणसांचे जबडे हातात घेऊन बसणाऱ्या माणसाला शेजारच्या बाईचा दुखरा गाल इतकी वर्षं दिसला नव्हता. त्याला भयंकर लाज वाटली आणि त्यानं ती तिथल्या तिथे बोलून दाखवली. "चुकलो हो मी. फार चुकलो." बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. हे दात कुणाचे ते आधी बघायचंय मला. रस्ताभर मांडीवर घेऊन बसले होते."

घरी दार उघडंच होतं. बायको काही बोलणार तेवढ्यात तिनं त्याच्यामागे अनोळखी बाईंना पाहिलं आणि ती बाजूला सरली. आई कपाटापाशी उभी होती. भरलेली बॅग तिनं रिकामी केली होती, आणि घड्या केलेले कपडे एकेक करून परत कप्प्यात ठेवत होती. सगळं ठेवून झालं होतं, एक शाल तेवढी हातात राहिली होती.

"आई, आणलेत," तो म्हणाला.

आईनं वळून बघितलं.  त्यानं कवळ्या पाण्याखाली धुऊन तिच्या हातात दिल्या. ती सगळ्यांकडे पाठ करून आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ नुसती मान हलताना दिसत होती. खोलीत कुणी बसायला तयार नव्हतं. खिडकीबाईंना दिलेला चहा त्यांनी तसाच हातात धरला होता.

"टोचतंय," आई म्हणाली.

"कुठे?"

"उजवीकडे. मागे." पण तिनं ते काढले नाहीत. हलक्या आवाजात ती काहीतरी पुटपुटत राहिली. पहिल्यांदा शिट्टीसारखा आवाज निघाला, मग जरा कमी, मग 'स' हा नीट 'स' आला. इतका स्वच्छ की बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"उद्या निघायच्या आधी घासून देतो," प्लास्टर म्हणाला.

आईनं मान डोलावली आणि फोनकडे बोट केलं. बायकोनं मामाचा नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन सासूच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत राहिली.

"कोण?" मामाचा आवाज आला.

 आईचा हात सवयीनं तोंडाकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला.

"कोण आहे? बोला ना."

आई ताठ बसली. काचेच्या खोलीत बसायची तशी, खांदे मागे, हनुवटी किंचित वर. एकदा खाकरली.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," ती म्हणाली.

 फोन तुटला की काय म्हणून बायकोनं वाकून बघितलं. मग मामाचा श्वास ऐकू आला, आणि त्यामागून, हसतोय की रडतोय ते कळू नये असा आवाज.

"ताई," मामा म्हणाला, "गाडी किती उशिरा?"

"दोन वर्षं," आई म्हणाली. मग तिनं मान वळवून मुलाकडे बघितलं. त्याच्या केसांत अजून प्लास्टर होतं, शर्टाचं बटण तुटलेलं, चेहरा उतरलेला. तिनं नजर परत फोनकडे नेली. "काही अपरिहार्य कारणामुळे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं येतेय मी, तू कुठे जाऊ नकोस."

मामा मोठ्यानं हसला. बायको डोळे पुसत कपाटाकडे वळली आणि कपडे काढून परत बॅगेत भरायला लागली. खिडकीबाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

प्लास्टर भिंतीला टेकून उभा होता. आईनं नाव घेतलं नव्हतं.